जावई पाहण्यासाठी चार राजधान्या

नोम पेन्ह, रविवार

चि. सौ. मालिस हिला थावीताईचे पोटभर आशीर्वाद.

भाऊजींचा खोकला, तुझे गुडघे आणि तळ्यातली बदकं यांची प्रकृती याच क्रमाने सुधारत असेल असं धरून चालते. माझी विचारपूस तू तुझ्या पत्रात केली नाहीस, पण चार दिवस बसमध्ये आदळून माझी कंबर आता माझं ऐकत नाही, एवढं नोंदवून ठेव. तुझ्याच कामासाठी गेले होते, म्हणून सांगते. एरवी मी तक्रार करणाऱ्यांतली नाही, हे तुला माहीत आहे. (भाऊजींना हसू येत असेल तर त्यांना पत्र पुढे वाचून दाखवू नकोस.)

तू सांगितलंस तसं सगळं गुपचूप केलं. तुझ्या रस्मईने पसंत केलेला हा वीरक सहलींचा गाइड, तेव्हा त्याच्याच जुन्या राजधान्यांच्या सहलीत साधी प्रवासी म्हणून शिरायचं, चार दिवस त्याला पारखायचं आणि मुलगी द्यायची की नाही ते तुला कळवायचं. तुझी अट एकच होती. पगार बेताचा चालेल, शिक्षण कमी चालेल, पण घराण्यावर डाग नको. आपल्यात लग्न झालं की मुलगा मुलीच्या घरी राहायला येतो, आणि त्याच्या पेटीबरोबर त्याचं घराणंही आत येतं, हे तुझं म्हणणं मला पटलं. म्हणून मी काळा चष्मा लावला, यादीत खोटं नाव दिलं आणि एकटी बाई संशयास्पद दिसते म्हणून शेजारच्या सारोमला बरोबर घेतलं. (सारोमला कारण सांगितलं नव्हतं. तिने बसच्या पायरीवरूनच "अगं थावी, माझी पिशवी धर की" असं ओरडून माझं नाव बावीस माणसांना सांगितलं, तो भाग वेगळा. त्या गडबडीत कुणी ऐकलं नसेल अशी मी मनाची समजूत घातली.)

आता मुलगा. उंची बरी, दात सरळ, शर्टाच्या इस्त्रीवर पपई चिरता येईल. हातात बांबूची काठी आणि तिच्या टोकाला प्लास्टिकचं गुलाबी कमळ, का तर आम्ही हरवू नये. आमच्यातले निम्मे निवृत्त, हरवायला पाय तरी धड हवेत. पहिल्या दिवशी उडोंगची टेकडी चढताना त्याने पायऱ्या पाचशे नऊ सांगितल्या आणि उतरताना चारशे ऐंशी. मी तिथेच अडवलं, तर म्हणतो कसा, "मावशी, उतरताना कमीच वाटतात." लोक हसले. मी शाळेत बत्तीस वर्षं इतिहास शिकवला आहे, मी हसले नाही. वही काढली आणि सवयीने लिहिलं: इतिहास, शंभरपैकी एकवीस.

दुसऱ्या दिवशी सांबोरला ते एकवीसही राहिले नाहीत. तिथली विटांची देवळं तेराशे-चौदाशे वर्षांची, झाडांच्या मुळांनी आवळलेली, नुसतं उभं राहून बघावं अशी. पण गाइड असताना नुसतं उभं कोण राहू देतो? पहिलं देऊळ राजाने आईसाठी बांधलं. दुसरंही आईसाठी. तिसऱ्यापाशी मी विचारलं की या राजाला एकूण आया किती. जराही न अडखळता उत्तर आलं, "पुण्यवान राजा होता, मावशी." शिवाय प्रत्येक देवळाखालून थेट अंगकोरपर्यंत भुयार जातं म्हणे. त्याच्या हिशेबाने आपला देश खालून नुसता पोकळ आहे, आणि आपण भाताची शेती करतो ती छपरावर. या सगळ्यावर लोक माना डोलावत होते आणि सारोम तर प्रत्येक भुयाराच्या दिशेने उदबत्ती लावत होती. बसमध्ये मला जागा मात्र पहिल्या दिवसापासून पुढची, खिडकीची मिळाली, आणि आंबट रश्श्यात एकदाही कोथिंबीर आली नाही. कोथिंबिरीने माझ्या अंगावर गांधी उठतात हे तू जाणतेसच. रस्त्यावरच्या खानावळी हल्ली काटकसर करत असाव्यात असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी कोह केर. एके काळी थोड्या वर्षांपुरती राजधानी होती, आता जंगल. सारोमला जिथे जाईल तिथलं काहीतरी उचलायची खोड आहे, कुठलं पान, कुठली माती. तिथे तिने तळहाताएवढा नक्षीचा तुकडा उचलला आणि पिशवीत पानाच्या डब्याखाली सरकवला. बसच्या दारात वीरकने कमळाची काठी आडवी धरली.

"आजी, तेवढा दगड जाग्यावर ठेवून या."

"अरे, एवढासा तर आहे. देवापुढे ठेवीन घरी."

"ठेवून या, आजी. बस थांबलीय."

"तुझ्या बापाचा आहे का रे तो?"

"बापाने नेला, म्हणूनच सांगतोय," तो म्हणाला.

इकडे मी उभी राहून सारोमला वारशाचं महत्त्व सांगायला सुरुवात केली होती. आवाज तोच, चौथ्या बाकापर्यंत पोचणारा. हा दगड तुझा नाही, माझा नाही, पुढच्या पिढ्यांचा आहे, तू एक नेलास, दुसरी दुसरा नेईल, असं चांगलं रंगात आलं होतं. पण वीरक आम्हा सगळ्यांना परत आत घेऊन गेला. तिथे एक चौथरा होता आणि त्यावर दोन पावलं. घोट्याच्या वर काही नाही. माइक त्याने बसमध्येच ठेवला होता. म्हणाला, "या पावलांवरचा देव माझ्या बापाने छिन्नीने तोडला. तीन दिवस लागले. सरहद्दीपलीकडच्या माणसाने दोन पोती तांदूळ दिले. ते वाईट दिवस होते, आम्ही ते खाल्ले. मी चार वर्षांचा होतो, मीपण खाल्ले." सारोमने मुकाट्याने तुकडा होता तिथे ठेवला. मग तो माझ्याकडे वळला. "थावीमावशी, घरी सगळं सांगालच, तर हेही सांगा. रस्मईला माहीत आहे. तिच्या आईला आधी कळलेलं बरं."

म्हणजे काळा चष्मा, खोटं नाव, सगळं पहिल्या दिवसापासून पाण्यात. पुढची जागा आणि बिनकोथिंबिरीचा रस्सा हे तुझ्या लेकीचं काम. मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण वारशाचं भाषण अर्धं राहिलं होतं, ते काही मला पुढे नेता आलं नाही. (सारोम म्हणते, मला वाक्याच्या मध्येच थांबलेलं तिने पंधरा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. बसमध्ये तिने ही बातमी दोन वेळा सांगितली.)

चौथ्या दिवशी अंगकोरला गाडी पुन्हा रुळावर आली. पाच कळसांचं ते प्रचंड देऊळ एका रात्रीत देवांनी बांधलं, आणि तेसुद्धा राजाच्या आईसाठी. मी वही उघडली नाही.

तर मालिस, तू मत मागितलंस, ते नीट लिहिते. चार दिवसांत या मुलाने सांगितलेली खरी गोष्ट एकच, आणि तीही त्याचंच लग्न मोडणारी. तुझी अट घराण्यावर डाग नको अशी होती. डाग आहे, चांगला दोन पावलांएवढा आहे आणि मुलाने स्वतः नेऊन दाखवला आहे. अटीप्रमाणे चालायचं तर नकार कळवायला हवा. रस्मई चार दिवस जेवणार नाही, पाचव्या दिवशी जेवेल. भाऊजींना नमस्कार, बदकांना दाणे.

तुझी,
थावीताई

ता. क. नकार कळवू नकोस. वरचा शेवटचा परिच्छेद मी मोठी बहीण म्हणून लिहिला, तो तसाच राहू दे, पण त्यावरून काही करू नकोस. मुलगा इतिहासात सपशेल नापास आहे आणि रस्मईला त्याच्याहून बरा मिळणार नाही.

आणखी एक ता. क. खरं तर याच्यासाठीच पत्र लिहायला बसले. हे भाऊजींना वाचून दाखवू नकोस. तुझ्या प्रहोकच्या रांजणात खारवून आंबवायची मासळी दाबायला जो दगड आहे, बाबांनी रस्त्याच्या कामावर असताना सांबोरहून सरकारी ट्रकमधून आणलेला, तो बाहेर काढ. वरून तो पाटासारखा सपाट आहे. खालच्या अंगाला कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या आहेत, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही, आणि आपण आजवर तो कधी उलटा केला नाही. मी बत्तीस वर्षं शाळेत वारसा जपा म्हणून सांगितलं आणि दर सुट्टीत तुझ्याकडे येऊन त्याच दगडाखालची मासळी भातावर घेतली. वीरकच्या बापाने निदान उपाशी पोरांसाठी नेला. आपल्या बाबांना फक्त जड दगड हवा होता. आता जावई घरात राहायला येणार, आणि तो रांजण घासायला बसणाऱ्यांतला आहे, मी बघितलंय त्याला. तळ्यात टाकू नकोस. दगड घासून घे (वास जायचा नाही, तरी घास), जुन्या लुंगीत गुंडाळ आणि तुमच्या ताकेओहून इकडे येणाऱ्या गाडीत माझ्या नावाने ठेव. पुढच्या महिन्याच्या सांबोरच्या सहलीत मी नाव दिलं आहे, या वेळी खरं, आणि पिशवी मोठी घेतली आहे. देवळातून परत बसमध्ये चढताना वीरक हल्ली सगळ्यांच्या पिशव्या बघतो. देवळाकडे उतरताना बघत नाही.