भोकांच्या बोर्डामागची भिंत

इंदिरानगर, नाशिक
३ फेब्रुवारी २०२५

ती. मालनआक्कास,
गोटीरामाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझ्या कानांनी दगा दिल्यापासून फोनचा उपयोग राहिला नाही. दिनेशच्या मोबाइलवर लिहावं, तर तुझा लेक ते घरभर मोठ्यानं वाचून दाखवतो. हे प्रकरण घरभर वाचण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतला.

मागच्या अंगणातली माझी शेड तुला माहीत आहे. सातपूरच्या कंपनीतून फिटर म्हणून रिटायर झालो तेव्हापासून माझा दिवस तिथंच जातो. गेल्या सोमवारी सूनबाईनं, मंजुषानं, तिला कुलूप घातलं. म्हणाली, नाना, आठ-दहा दिवस आत येऊ नका, भिंतीला भोकांचा बोर्ड लावतेय, पाने-पक्कड सगळं हुकांवर टांगता येईल. माझी हत्यारं तिनं पोत्यात भरून जिन्याखाली ठेवली. शेडची वीजही बंद केली आहे.

बोर्ड लावायला कुलूप कशाला? आणि बोर्डाबरोबर आठ नवे प्लगही बसवतेय म्हणे. माझ्याकडे एक ग्राइंडर आणि एक ड्रिल. आठ प्लग कोणासाठी? लग्नाआधी तिनं आयटीआयला वायरमनचा कोर्स केला होता. बारा वर्षं त्याचं नाव काढलं नाही, आणि आता एकदम हातात टेस्टर! पोराला, महेशला, विचारलं, तर तो ड्युटीची वेळ झाली म्हणून सटकला. मला यात काहीतरी काळंबेरं दिसतंय.

तब्येत जप. दाजींना नमस्कार. माझ्यावर माया आहे तशीच असू दे.

तुझा
गोटीराम

सायखेडा
८ फेब्रुवारी

चि. गोटीरामास,
आक्काचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पावलं. पोस्टमन फकिरा दारातून हात हलवीत होता, मला वाटलं गाय सुटली. कोबीची काढणी चालू हाय, तरी हातपाय धुऊन आधी तुझं पत्र वाचलं.

तुझा स्वभाव मला आजचा ठाऊक नाय. लहानपणी ताटात भाकरी पडली की तू ती उलटून बघायचास, खालून करपली का म्हणून. पण या खेपी मलाबी वास येतोय. आठ प्लग म्हंजे आठ मशिनी. शिवणाचा क्लास काढायचा असंल तिला. आज कुलूप, उद्या पाटी, परवा तू ओसरीवर. नजर ठेव.

एक मात्र खरं सांग. ती काय म्हणाली ते तू सगळं लिहिलंस, पण तू तिला सरळ इचारलंस का? तुझ्या पत्रात ते कुठं दिसलं नाय.

गुडघ्याला तेल लावीत जा. आमची आठवण ठेव, आम्ही ठेवतोच.

तुझी आक्का
मालन

इंदिरानगर
१२ फेब्रुवारी

ती. आक्कास,
सा. नमस्कार.

विचारायची गरजच उरली नाही. मंगळवारी दुपारी मी पडलो होतो. तिला वाटलं, डोळा लागला. ओट्याजवळ उभी राहून ती महेशशी फोनवर बोलत होती. मी माझ्या कानांनी ऐकलं : नानांना यातलं काही कळू देऊ नका.

मग रात्री जेवताना मला राहवलं नाही. महेश आणि आरोहीच्या देखत मी तिला म्हणालो, मी जिता असताना माझी शेड लाटायला निघालीस का? जे करायचंय ते माझी तिरडी उठल्यावर कर. तिनं वाढलेलं ताट झाकलं आणि आत गेली. महेश म्हणाला, नाना, तुम्हाला माहीत नसतं तेव्हा बोलू नका. नात तर माझ्याकडे बघायलाही तयार नाही. घरात मी एकटा पडलोय, आक्का.

उद्या गुरुवारी आरोहीच्या शाळेत पालकसभा आहे. मंजुषा दोन तास बाहेर असेल. किल्ली फ्रिजवर असते. मी जाऊन तिचं काम उघडून बघणार. त्या बोर्डाच्या मागे पट्ट्या ठोकून पोकळी ठेवावी लागते, नाहीतर हूक आत बसत नाहीत. नवशिक्या माणसाची तिथंच चूक होते. सॉकेट पोकळीत लोंबकळत राहतं, आणि एखादा लोखंडी हूक भोकातून जाऊन थेट वायरीला टेकतो. तशी चूक सापडली की महेशला दाखवतो, बायको काय करून ठेवतेय ते. मग तिचं काम बंद पाडायचं कारण मलाच मिळेल.

बाकी ठीक. लोभ असू दे.

गोटीराम

इंदिरानगर
१३ फेब्रुवारी, संध्याकाळ

ती. आक्कास,
नमस्कार.

दिनेशला मघाशी फोन करून तुमच्या गोठ्याचा मेन स्विच पाडायला सांगितलं. कारण त्याला सांगितलं नाही, तुला सांगतो.

मी शेड उघडली. मेन बंदच होता, तरी टेस्टर लावून खात्री केली. तिचं पहिलं सॉकेट खोललं. चूक शोधत होतो आणि सापडेना. तिनं सॉकेटची खोल पेटी बोर्डाच्या तोंडापर्यंत पुढे आणली आहे. कडेवरून बोट फिरवलं तर कुठं अडकत नाही. पोकळीत एकही जोड नाही, हूक कुठूनही घातला तरी वायरीपर्यंत पोचत नाही. अर्थिंगची हिरवी वायर जागच्या जागी. दुसरं खोललं, तेही तसंच. आक्का, मला रागच आला.

भिंतीच्या डाव्या टोकाला माझं जुनं प्लायवूड अजून तसंच होतं. काम तिथवर आलं नव्हतं. ते सॉकेट मी खोललं. बावीस वर्षांपूर्वी भिंतीला प्लाय ठोकलं तेव्हा मीच बसवलेलं. पेटी मागे भिंतीतच राहिलेली. मी लांब स्क्रू लावून सॉकेट नुसतं पुढे ओढलं होतं, आणि मधल्या जागेत वायरींचे जोड टेपनं गुंडाळून सोडले होते. टेप वितळलेली. प्लायच्या मागची बाजू तळहाताएवढी जळून काळी पडलेली. अर्थिंग नाहीच. खाली आरोहीचं स्टूल. ती सुट्टीत तिथं बसून पुठ्ठ्याची घरं चिकटवते.

मी ते प्लाय भिंतीवरून उतरवलं. मागे मंजुषा आलेली. मी विचारलं, तुला हे कधी दिसलं? म्हणाली, पहिल्याच दिवशी, बोर्डाचं माप घेताना. म्हणून कुलूप घातलं. मी म्हणालो, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, नाना, तुम्ही कॉलनीत सगळ्यांना वायरिंगवरून बोलता. हे तुमचं आहे, असं बाहेर कोणाला कळायला नको होतं, आणि तुम्हालाही. नवीन करून झालं असतं, तर कोणाला कधी कळलंच नसतं.

आठ प्लगांचंही विचारलं. तुम्ही एका प्लगात तीन पिना खुपसता, म्हणाली.

महेश आल्यावर त्याच्या आणि आरोहीच्या देखत मी ते जळकं प्लाय टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, हे माझं काम, आणि आरोही, तुझ्या आईला परवा जे बोललो तेही माझंच. मंजुषा मला गप्प करत होती. मी झालो नाही.

त्याच साली मी तुझ्या गोठ्याची वायरिंग केली होती, आक्का. तुमच्या शेजारच्या बहिरूच्या कांदाचाळीची आणि गेणूच्या पिठाच्या गिरणीचीही. रविवारी मंजुषा आणि मी येतोय.

गोटीराम

सायखेडा
१७ फेब्रुवारी

चि. सौ. मंजुषास,
आत्याबाईचे अनेक आशीर्वाद.

पोरी, तुला पहिल्यांदाच पत्र लिहितेय. काल तू घाईत होतीस, आणि माझ्याशी बोलायचं म्हंजे सगळ्या गल्लीला ऐकवायचं.

आधी माझं कबूल करते. भावाला तुझ्यावर नजर ठेव असं मीच लिहिलं होतं. शिवणाचा क्लासबी माझ्याच डोक्यातून निघाला. त्याच्या संशयात मी तेल ओतलं आणि घरात भडका तुझ्या अंगावर उडाला. मला माफ कर, असं म्हणायला माझं वय आड येत नाय.

गोठ्यातला जोड तू काढून माझ्या हातावर ठेवलास तेव्हा मी आधी गायीकडं बघितलं. गाय रोज त्याच भिंतीला अंग घासते, आणि मी तिथंच वल्या हातानं बटन दाबते. काल रात्रीपासून दिनेश नव्या बटनाकडं देव्हाऱ्यागत बघतोय.

तुम्ही बहिरूकडं गेलात तेव्हा मी ओट्यावर बसून बघत होते. गोटीराम पुढं, पिशवी त्याच्या हातात, तू मागं. बहिरू हसत होता, हात झाडत होता. ऐकू काहीच येईना. तरी भाऊ हलला नाय. मग तो गेणूच्या दारात गेला. तिथंबी तसाच उभा राहिला.

आज बहिरूच्या पोरीला, मनीषाला, इचारलं, काय म्हणत होता गं माझा भाऊ? तिनं मला पाटीवर लिहून दाखवलं. तो म्हणत होता, बावीस वर्षांपूर्वी मी तुमच्याकडं चुकीचं काम करून गेलो. मला आत घेऊ नका. पण ही आमची वायरमन हाय, हिला घ्या.

मी ते पुसू दिलं नाय. पाटी अजून चुलीशेजारी टेकवून ठेवलीय.

परत येशील तेव्हा राहायच्या तयारीनं ये. कोबी पाठवते. या म्हातारीला पदरात घे.

तुझी
आत्याबाई