आमटीतली गोळी

माय, तू गेलीस तेव्हा मला लिहिता येत नव्हतं, आताही येत नाही. मी बोलते आणि नात लिहून घेते. मधेमधे ती माझं बोलणं सुधारते, म्हणून यात कुठं शहाणपणाचं वाक्य दिसलं तर ते तिचं समज.

ही माझ्या थोरल्याची लेक. दोन वर्षांमागं तिला आवाज यायला लागले. शेजारचे टपून बसलेत, जेवणात कायतरी कालवतात, असं म्हणायची. अगदी तुझ्यासारखं. तिच्या बापानं तिला कळंबहून एसटीनं जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया. माझ्या कवळीतून ते निघत नाही, लिहिणारीला पाठ आहे.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ती घेईना. मग मी, घरातली सगळ्यात हुशार बाई, गोळी खलबत्त्यात कुटून तिच्या आमटीत घालू लागले. आठ-दहा दिवस जमलं. एकदा ती पाणी घ्यायला आत आली, खलबत्त्यातली पांढरी भुकटी तिनं पाहिली, आणि त्या दिवसापासून घरचं जेवण बंद. केळं, उकडलेलं अंडं, बिस्किटाचा बंद पुडा. जे स्वतःच्या हातानं सोलता-फोडता येईल तेवढंच खायची.

डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "आज्जी, हिला वाटायचं की जेवणात कुणीतरी कालवतंय. तुम्ही ते खरं करून दाखवलंत."

"लेकरू बरं व्हावं म्हणून केलं, बाई."

"तिला विचारलं होतं?"

मग त्यांनीच तिला विचारलं, रोज आपल्या हातानं गोळी घेशील, का महिन्याला एक इंजेक्शन? नात म्हणाली, "इंजेक्शन द्या. ते हिला आमटीत घालता यायचं न्हाय." सगळे हसले. मीही हसले, पदर तोंडाला लावून.

आता दर महिन्याला आम्ही दोघी जातो. तिथं एक बाई घरच्या माणसांना बसवून सांगतात, आवाज खरे का खोटे यावरून भांडू नका, भीती वाटतेय का ते विचारा. आवाज अजून येतात, पण लांबून. नात पुन्हा शिलाई मशीनवर बसते. माझ्या हातचं खायला मात्र तिला सात महिने लागले.

तुला कुणी दवाखाना दाखवला नाही, माय. आबा तुला देवऋष्याकडं न्यायचे. तू घरात कुणाचंच खायची नाहीस, फक्त माझ्या हातचं खायचीस. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची. म्हणून देवऋष्याचा अंगारा पिठात मळायचं काम माझ्याकडं आलं. भाकरी पुढं ठेवली की तू विचारतेस, "बाय, यात कायी घातलं न्हाय ना गं?" मी न्हाय म्हणते, आणि तुझी खात्री पटावी म्हणून पहिला तुकडा मीच मोडून खाते.

नात लिहायची थांबली. म्हणाली, "पणजीला कळलं व्हतं का गं?"

नाही कळलं. शेवटपर्यंत नाही.

हा कागद कुठं जायचा नाही, म्हणून एवढं सांगून टाकते. माझी माय फक्त माझ्याच हातचं खाते, हे मी विहिरीवर सगळ्या पोरींना मिरवून सांगायचे.