आगेऱ्यापर्यंत एक भाजी

२५ मे २००३, रविवार

उतार मोजला. स्वयंपाकघराच्या दारापासून खाली बावखलापर्यंत बावीस फूट, आणि तेवढ्यात साडेतीन फूट खाली. नळीत पाणी भरून लेव्हल काढली. एक टोक मी धरलं, दुसरं फणसाला बांधलं, कारण घरातलं कुणी धरायला आलं नाही.

रोनाल्ड म्हणतो, भराव टाकू. चार ट्रक माती, वर फरशी, गाडी उभी राहील. गाडी अजून घेतलेली नाही! भराव म्हणजे बावखलही बुजणार. त्या तळ्यात मी पोहायला शिकलो. ते बुजवलेलं मला बघवणार नाही. पण मुलाला हे सांगायची लाज वाटली. म्हटलं, इथे गादीवाफे करणार आहे, भाजी काढणार आहे.

तो हसला. "पप्पा, आगेऱ्याला या उतारावरची एक भाजी देवळात नेऊन दाखवा. भरावाचं नाव काढणार नाही."

आगेरा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. नवं पीक फादरांकडे आशीर्वादाला न्यायचं. चार महिने आहेत — पुष्कळ झाले.

१ जून

आलेखाच्या कागदावर सहा वाफे काढले. तीस वर्षं पोस्टात पत्रं खणांत लावली, सहा वाफ्यांचं काय एवढं? आल्बिनाने कागद पाहिला, "छान काढलंय" म्हणाली, आणि त्यावरच लसूण सोलायला बसली.

ती वाडीतली. लग्नाआधी रोज डोक्यावर भाजीची पाटी. मातीला पुन्हा हात लावणार नाही, हे तिने साखरपुड्यातच बजावलं होतं. मीही विचारणार नाही. पुस्तक आणलंय.

८ जून

वाफे तयार. दारापासून बावखलापर्यंत सरळ उभे, दोरी लावून. एक इंच इकडेतिकडे नाही. प्रत्येकाला पत्र्याची पाटी — भेंडी, कारली, वाल, असं. शेजारची सालोमी कुंपणावरून बराच वेळ बघत होती.

"प्लासिड, पान्याला घसरगुंडी केलीस का?"

दुर्लक्ष केलं.

१९ जून

रात्रभर पाऊस. वाफे बावखलात. बी बावखलात. 'भेंडी' नावाची पाटी चिखलात रुतून उभी होती, बाकीच्या दिसल्याही नाहीत.

आल्बिना खिडकीतून म्हणाली, "आडवे."

"काय?"

"वाफे. उताराला आडवे घालतात. पायऱ्यांसारखे."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"विचारलंत कुठे?"

६ जुलै

जांभ्याचे चिरे लावून तीन आडव्या पायऱ्या केल्या. कंबर गेली. पण माती थांबली! पुन्हा भेंडी, वाल, आणि तिसऱ्या पायरीवर मांडव घालून कारली.

३ ऑगस्ट

गोगलगायींनी भेंडी खाल्ली.

६ ऑगस्ट

वालही.

२४ ऑगस्ट

कारल्याचा वेल मांडवभर. पिवळी फुलं पुष्कळ, कारलं एकही नाही. सालोमी म्हणते नरफुलं आधी येतात, वाट बघ. आल्बिनाला विचारलं — हो, विचारलं शेवटी. तीही तेच म्हणाली.

२१ सप्टेंबर

आलं! एकच आहे, करंगळीएवढं. सकाळ-संध्याकाळ पट्टी लावतो. आल्बिना म्हणाली, तुमच्या नजरेनेच सुकेल.

२८ सप्टेंबर

पिवळं पडलं आणि गळलं. एवढ्याशा कारल्यासाठी माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्रेसष्टाव्या वर्षी. नेमका तेव्हाच रोनाल्ड मागच्या दारात उभा. मांडवाकडे, मग बावखलाकडे बघत राहिला. ट्रक कुठून आत घ्यायचा ते ठरवत असेल.

४ ऑक्टोबर

वेल पुन्हा चाळला. काही नाही. उद्या आगेरा. मी हरलो, आणि हे त्याला तोंडाने सांगावं लागणार.

५ ऑक्टोबर, रविवार

पहाटे मांडवाखाली गेलो तर दुधी लोंबतोय. हातभर लांब, हिरवागार. कारल्याच्या वेलाला! देठाला काळी चपटी नाडी, वर दोन गाठी.

आल्बिनाचंच काम. माझ्यासाठी बाजारातून आणून बांधला बिचारीने. आता काय करावं? देवाच्या दारात खोटं न्यायचं? नाडी सोडून खिशात टाकली आणि दुधी नेला. नंतर कन्फेशन आहेच. फादरांनी पाणी शिंपडलं. सालोमीने दुधी पाहिला आणि तिला जो खोकला लागला तो मिस्सा संपेपर्यंत.

घरी आल्यावर रोनाल्ड म्हणाला, "शब्द म्हणजे शब्द. भराव रद्द." आणि जेवायला बसला. एवढ्या सहज हरलेला माणूस मी पाहिला नाही.

दुपारी आल्बिनाचे आभार मानले. ती चिडलीच. "मी? कारल्याच्या वेलाला दुधी बांधेन? वाडीत जन्मलेय मी. पान बघून कळत नाही का? इतकं अडाणी कोण आहे या घरात?"

मी नाही. मग कोण?

६ ऑक्टोबर, सोमवार

रोनाल्ड आज ऑफिसला चपला घालून गेला. काळे बूट दाराशीच आहेत. एकाला नाडी नाही.