सरहद्दीअलीकडचा मामा

मल्लेश्वरम, बंगळूर
कार्तिक, १९५८

चि. वसुमतीस, आमसुलांवाचून सुकलेल्या अण्णाचे आशीर्वाद.

तक्रार गंभीर आहे. तुझ्या गोव्याची आमसुलं बंद झाल्यापासून आमच्या आमटीत चिंच पडते. दुकानदार वर ऐकवतो, "चिंच आहे की स्वामी, सरी!" या पातकाला शास्त्रात प्रायश्चित्त नाही.

प्रेमाचं लग्न ठरल्याचं आपल्या आतेभावाकडून, बेळगावच्या गुंडोकडून कळलं. भाचीला बोहल्यावर आणायला मामा लागतो. पण हा मामा म्हणजे सत्याग्रहापायी पोर्तुगीजांच्या तुरुंगात राहून आलेला गुन्हेगार. त्याच गुन्ह्याबद्दल इकडे हार घातले, तिकडे सरहद्दीवर पाऊल ठेवताच बेड्या पडतील. पत्रं तिथले पोलीस फोडतात, म्हणून हेही टपालात टाकणार नाही. मंगलाष्टकं इथूनच म्हणेन. वृत्त चुकणार नाही, एवढी हमी.

तुझ्या यजमानांनी चौकीवर "बायकोला भाऊ नाही" असं सांगितलं, तेही गुंडो बोलला. ठीकच केलं, घर सांभाळायचं तर असं बोलावं लागतं. मला काळजी एवढीच वाटते, की ते खोटं आहे हे प्रेमाला कोणी सांगितलंय का?

प्रेमाचा मामा,
त्रिविक्रम