हातातला भरलेला पेला

दादा,

काल तुझ्या बढतीच्या मेजवानीत सरबताचा एकच पेला मी तासभर हातात धरून उभा होतो. पेला भरलेला दिसला की कोणी आग्रह करत नाही, आणि मधुमेहाची कथा चारचौघांत सांगावी लागत नाही. "अरे लाजाळू, एका पेल्याने मरत नाहीस!" म्हणत तू तो माझ्या ओठांना लावलास. सगळे हसले आणि मी मुकाट्याने प्यायलो. घरी येऊन मोजली, तेव्हा साखर तीनशे दहा होती. त्या खोलीत माझा आजार ठाऊक असलेला एकटा तूच होतास, आणि सर्वांत मोठ्याने तूच हसलास. आज वहिनीच्या माहेरी जेवायला मी येणार नाही. पोट बिघडल्याची सबब सांगू नकोस. खरे कारण सांग, तुझ्या तोंडाने.