बंबप्रज्वलनाचा साद्यंत वृत्तांत

सोलापूर,
पौष वद्य द्वितीया, शके १८९६

स्वस्ति श्री माळशिरस-तालुका-इक्षुवन-पंचानन, सहकारी-शर्करा-सभा-अंतिमपंक्ति-भूषण, अकलूज-एस.टी.-स्थानक-नित्यसंचारी, श्वशुरगृही कनिष्ठ-जामात-पदारूढ परंतु पुरणपोळीच्या प्रसंगी ज्येष्ठत्व-प्रतिपादक, साडूकुलावतंस राजमान्य राजश्री शिवलिंगप्पा यांसी, सोलापूरस्थ विद्यालयातील संस्कृताध्यापक, कर्तरि-कर्मणि-प्रयोगांनी कृश झालेला, ज्येष्ठ जामात ईश्वरप्पा याचे शरणु शरणार्थी. (साष्टांग नमस्कारच घातला असता, परंतु मी वयाने आपणांहून ज्येष्ठ आहे आणि कंबरेने त्याहूनही.)

आपले संधिवातग्रस्त वाम जानु आता कितपत आज्ञाधारक झाले आहे? मागील पत्रात आपण लिहिले होते की, ते पाटावर बसू देते पण उठू देत नाही. भोजनप्रिय मनुष्याच्या गुडघ्याने असाच विवेक दाखवावा, असे माझे मत आहे. चि. सौ. सिद्धम्माची प्रकृती, म्हशीची प्रकृती आणि त्या दोघींच्या परस्परसंबंधांची प्रकृती सविस्तर कळवावी. इकडे मी व सौ. रुद्राणी कुशल आहोत. म्हणजे ती कुशल आहे आणि मी तिच्या सांगण्यावरून कुशल आहे.

पत्रास कारण आपल्या उभयतांच्या सासूबाई. स्मरत असेल की, गतवर्षी वळसंगच्या घरी परसात घसरून त्यांच्या मांडीचे हाड मोडले. पोटी पुत्र नाही, कन्या दोन, आणि त्या कन्यांना पती म्हणून लाभलेले तुम्ही आणि मी (या विषयावर सासूबाईंचे मत विचारू नये). तेव्हा आपण दोघांनी त्यांना आपापल्या घरी येऊन राहण्याचा आग्रह किती उच्च स्वरात केला, हे अवघ्या वळसंगाने ऐकले आहे. जावयाच्या घरी कायमचे राहण्याची आपल्यात रीत नाही, असे सांगून त्यांनी नकार दिला. त्या क्षणी आपल्या मुखावर जो शोक प्रकटला, तो पाहून मला आपल्या नाट्यगुणांचा प्रथम परिचय झाला. (माझ्या गुणांचा मला पूर्वीपासूनच आहे.) अशा रीतीने चंद्रव्वा, ज्यांना आता लहानथोर सारेच अव्वा म्हणतात, एक ट्रंक, एक काठी आणि गळ्यातले इष्टलिंग घेऊन अक्कलकोट रस्त्यावरील ‘श्री वृद्धसंगोपन मंदिर’ या संस्थेत स्वेच्छेने दाखल झाल्या, आणि आपण दोघे रीतीचे गुणगान करीत घरी परतलो.

संक्रांतीस भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेपूर्वी मी भेटीस गेलो तो काय पाहतो? अव्वा अर्ध्या झालेल्या. चोळी अंगावर अशी लोंबत होती की ती दुसऱ्या कोणाची असावी आणि तिची मालकीण कोणत्याही क्षणी ती मागायला येईल, असे वाटावे. तेथील व्यवस्थापक मानसिंगराव हे सत्प्रवृत्त गृहस्थ आहेत. दुष्काळात त्यांनी वैरागकडे गुरांची छावणी चालविली आणि तीत एकही जनावर दगावले नाही, हे ते प्रत्येक अभ्यागतास बसा म्हणण्यापूर्वी सांगतात. छावणीचे तेच शास्त्र त्यांनी येथे प्रतिष्ठित केले आहे. प्रथम वैरण, नंतर पाणी. म्हणजे पहाटे चूल पेटे. चहा व उप्पीट होई. तिकडचे आटोपले की जळकी लाकडे उचलून बंबाखाली जात. आणि सूर्य डोक्यावर आला की स्नानास ऊन पाणी मिळे. पुरुषांच्या दालनात या व्यवस्थेबद्दल कोणाची तक्रार नव्हती (पुरुषांना स्नान अजिबात नसते तरीही तक्रार नसती). परंतु स्त्रियांच्या दालनातून उप्पिटाच्या बशा जशाच्या तशा परत येऊ लागल्या.

मानसिंगरावांनी निदान केले, अरुची. संस्थेच्या वैद्यराजांनी, जे दारात उभे राहून आतल्या सर्वांची नाडी एकदम पाहतात, त्यास अनुमोदन दिले. अन्न नकोसे झाले आहे, तर ते थोडे द्यावे, या न्यायाने उप्पीट अर्धे झाले. तेही परतले, म्हणून पेज आली. पेजही परतली, तेव्हा असे ठरले की, ज्यांची अन्नावरील वासनाच उडाली त्यांना संक्रांतीनंतरच्या सोमवारी मागील ‘विश्रांतिकक्षा’त हलवावे. शिवलिंगप्पा, त्या कक्षास एकच द्वार आहे, आणि त्यातून आत गेलेला कोणी स्वतःच्या पायांनी बाहेर आल्याचे तेथील कोणाच्याच स्मरणात नाही. पहिली खाट अव्वांची ठरली होती.

मी खाटेशेजारी बसून त्यांना मंदाग्नी या विषयावर एक उद्बोधक प्रवचन दिले. अव्वांनी ते डोळे मिटून ऐकले, आणि संपल्यावर उघडले.

“झालं का जावईबापू? मंजे मला भूक न्हाय म्हनं! अवो, भूक लागून लागून झोपली की ती. आंगुळ न्हाय, लिंगपूजा न्हाय, आन उप्पीट गिळू कसं? बिसी नीरू येतंय दुपारला, पूजा उरकून जावं तर पंगत उठलेली. मग गार भाकरी. ती माज्या दाताला ऐकत न्हाय.” (बिसी नीरू म्हणजे ऊन पाणी, आपल्या अकलूजच्या उसात कानडी उगवत नाही म्हणून हा खुलासा.)

साडूराव, मी लिंगायत कुळात जन्मलो, वाढलो, आणि भस्म लावून भाषणेही केली. परंतु माझ्या घरी मला जाग येण्यापूर्वीच स्त्रियांचे स्नान व पूजा आटोपलेली असते. त्यामुळे त्या पूजेस आधी स्नान लागते, स्नानास ऊन पाणी लागते आणि पाण्यास लाकूड लागते, ही कारणपरंपरा माझ्या पंडित मस्तकास कधी स्पर्शली नव्हती. थंड पाण्याचा प्रयोग अव्वांनी एकदा केला होता आणि त्याचे फळ म्हणून तापाने फणफणल्या होत्या. शेजारच्या खाटेवरील दगडाबाई (वैरागच्या, त्यांना स्नानाआधी खाण्यास कोणतीही धार्मिक हरकत नाही) यांचीही बशी परत जाते, हे पाहून मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, “ही उपाशी बसल्याव मी एकलीच गिळू व्हय? उतरंल का घशाखाली?”

मी तडक मानसिंगरावांकडे गेलो. ते म्हणाले, “मास्तर, पूजा काय पळून जाती व्हय? खाऊन करा म्हनावं की. छावनीत एका जनावरानं आंगुळ मागितली न्हाय.” या युक्तिवादास न्यायशास्त्रात उत्तर आहे, पण ते मानसिंगरावांना कळेल अशा भाषेत नाही. म्हणून मी थेट संस्थेचे अध्यक्ष, शेंगतेलाचे व्यापारी महादेवप्पा सावकार यांस लेखी निवेदन देण्याचे ठरविले.

येथे माझ्या प्रतिभेचा थोडा दोष झाला. निवेदनाच्या आरंभी दोन ओळींत अध्यक्षांचा गौरव असावा, हा शिष्टाचार. तो गौरव लिहिता लिहिता मला असे भरते आले की, सावकार हे दानात कर्ण, कारुण्यात सागर आणि तैलनिष्कासनात साक्षात भगीरथ ठरले. मूळ मागणी मी अंती एका समासात, आणि कोणास बोचू नये म्हणून स्तुतिरूपाने घातली: ‘प्रातराशपूर्वोष्णोदकप्रदानैकदीक्षित’. म्हणजे न्याहारीपूर्वी ऊन पाणी देणे हेच ज्याचे एकमेव व्रत, असे आपण व्हावे. माझ्या मते याहून स्पष्ट मागणी संस्कृतात करता येत नाही. सावकारांनी ते वाचले, त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते मानपत्र समजून काचेच्या चौकटीत बसवून घेतले. शिवाय निरोप आला की, येत्या सोमवारी सकाळी मंदिराच्या भोजनगृहात या मानपत्राचे अनावरण आणि सर्व वृद्धांस बुंदीचे लाडू. सोमवार तोच, खाटा हलवण्याचा.

अव्वांना मी हा वृत्तांत सांगितला. त्या दगडाबाईंकडे वळून म्हणाल्या, “ऐकलंस का गं? येवढं कागुद भरून लिव्हलं, आन पानी मागितलंच न्हाय!”

सोमवारी भोजनगृहात पंगत बसली. चौकट भिंतीवर, तिच्यावर रेशमी वस्त्र, खाली सावकार भस्मांकित व प्रसन्न. पुरुषांनी लाडूंवर तत्काळ आक्रमण केले. स्त्रियांच्या रांगेत हात मांडीवर आणि लाडू पानात. सावकारांनी स्वतः एक लाडू उचलून, घ्या की अव्वा, तुमच्यासाठीच हाय, असा आग्रह केला. तेव्हा अव्वा काठी टेकीत उभ्या राहिल्या. (मोडलेल्या हाडाने कसे उभे राहता येते, हे मला आजही अज्ञात आहे.)

“सावकार, एक इचारू का? तुमच्या आईला आंगुळीआदी लाडू खाताना बगितलाव का कदी?”

सावकारांचा हात अव्वांच्या मुखापासून चार बोटे अंतरावर थांबला. “न्हाय,” ते म्हणाले. “आई तर पूजेबिगर पानी बी घेत नव्हती.”

“मग आमी रोज दुपारपतोर उपाशी हाव. ह्येंनी मला भूक न्हाय म्हनून मागच्या खोलीत टाकाय लागल्यात. आमाला भूक हाय. लई हाय. पानी न्हाय.”

मानसिंगराव छताकडे बघू लागले. मीही बघितले, तेथे काही नव्हते. तेवढ्यात दगडाबाईंनी लाडवावर डोळा ठेवून म्हटले, “लाडू ताजं हाईत तवर बंब पेटवा की सावकार!”

यानंतर जे घडले ते महाकाव्यास योग्य आहे. सावकारांनी लाडू खाली ठेवला, धोतराचा काचा मारला आणि परसात जाऊन स्वतः बंब पेटवला. लाकडे ओली होती. धूर एवढा झाला की, त्यांचे भस्म कोणते आणि काजळी कोणती, हे सांगणे अवघड झाले. जाळास वारा घालावयास काही मिळेना, तेव्हा मानसिंगराव आत धावले आणि मानपत्राच्या चौकटीमागचा पुठ्ठा काढून घेऊन आले. माझ्या वाङ्मयाचा हा पहिला प्रत्यक्ष उपयोग. मग एकेक करून सर्व स्त्रियांची स्नाने झाली, पूजा झाल्या, आणि तोवर निमंत्रितांपैकी कोणासही लाडवास हात लावण्याचे धैर्य झाले नाही. अनावरण राहूनच गेले. अव्वांनी दोन लाडू खाल्ले आणि तिसरा पदरात बांधला.

निर्णय असा झाला की, यापुढे पहाटे आधी बंब, मग चूल. विश्रांतिकक्षाचा बेत रद्द झाला असून त्या खोलीत आता लाकडे रचली आहेत. उप्पिटाच्या बशा धुतल्यासारख्या परत येतात. मात्र क्षुधा जागृत झाल्यामुळे अव्वांच्या मागण्याही जागृत झाल्या आहेत: ऊन भाकरी, शेंगाचटणी, स्नानगृहास आतून कडी, आणि आपली ट्रंक आपल्याच खाटेखाली. मानसिंगराव म्हणतात की, छावणीत हे असले नव्हते. पण काल ते स्वतः कडी बसवताना दिसले. सावकारांनी माझ्या लोकसेवेने प्रभावित होऊन मला ‘मानद बंबपाल’ नेमले आहे. म्हणजे पौषाच्या थंडीत कोंबड्याच्याही आधी उठून, सायकलवर अक्कलकोट रस्ता तुडवून, बंब पेटला की नाही हे पाहणे. वृद्धांच्या सुखासाठी झगडावे, हे मी यापुढेही सर्वांना सांगेन; पण त्यात यश येऊ देऊ नये.

लोभ वाढवावा; वाढत नसल्यास आहे तेवढा उन्हात घालून टिकवावा. कळावे.

आपला
ईश्वरप्पा

ता. क. १: मंदिराचा बंब साक्षात खांडववनदाहातील अग्नी आहे, विश्रांतिकक्षातील लाकडे या आठवड्यात संपतील. आपल्या बांधावर वाळलेल्या बाभळी उभ्या आहेत, असे चि. सौ. सिद्धम्माने आपल्या बहिणीस लिहिले होते. आपला गुळाचा ट्रक सोलापूरच्या बाजारात येतो, त्यावर ती लाकडे घालून धाडावीत. वरील सर्व पत्र हे या एका वाक्याची प्रस्तावना समजावी.

ता. क. २: हे पत्र काल अव्वांना वाचून दाखविले. त्या म्हणाल्या, “येवढं लांब कशाला? ह्ये बी कागुद भिंतीव लावतील. लाकडं धाड म्हना, न्हायतर मी अकलूजला ऱ्हायला येती.” जावयाच्या घरी राहण्याच्या रीतीचे काय, असे मी विनयाने विचारले. रीत मोडायची त्यांची तयारी आहे, असे त्यांनी कळविण्यास सांगितले आहे. आपल्या नाट्यगुणांचा आता उपयोग होईल, असे दिसत नाही.

ता. क. ३: मंदिरास एक बंब पुरत नाही, म्हणून सौ. रुद्राणीने आमचा घरचा बंब मला न विचारता टांग्यात घालून तिकडे पाठविला आहे. वर असा दंडक घातला आहे की, या घरातही यापुढे स्नानाआधी चहा नाही. रॉकेल मिळत नसल्याने स्टोव्ह मिणमिणतो. पातेल्यातील स्नानाचे पाणी मी हे पत्र पुरे करीपर्यंत कोमटही झालेले नाही. शाळेची वेळ होत आली. चहा ओट्यावर बशीने झाकून ठेवलेला मला येथून दिसतो आहे.