शाळेतल्या शेवटच्या खोलीची मतं

प्रिय गौतमी,

तुझा मेसेज येऊन तीन आठवडे झाले. तुझ्या आईचं, पार्वतीमावशींचं हाड जुळायला लागलं का? विहिरीवरून हंडा आणताना त्या पडल्या, हे मला माझ्या आईकडून आधीच कळलं होतं. रांजणगावची शिफ्ट करून तू घरचं पाणी आणि त्यांचं सगळं कसं उरकत असशील! आणि मी इथं दौंडच्या कॉलेजात पोरांना संख्याशास्त्र शिकवतेय, पण तुला साधं उत्तर देत नाहीये.

तू एवढंच विचारलं होतंस, की नळाची लाइन आमच्या आळीपर्यंत आली, मग तुमच्या वस्तीच्या वळणावर का थांबली? जयसिंगकाकांना विचारशील का? रविवारी गावी जाऊन विचारलं. काका झेडपीला निवडून आल्यापासून आमचा ओटा माणसांनी भरलेला असतो. सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्याला मत दिलं त्याच्याकडं मागावं की पानी." माणसं हसली. मी म्हटलं, पार्वतीमावशींनी तुम्हालाच दिलंय, मला स्वतः सांगितलंय त्यांनी. तर म्हणाले, "आसंल. पण लाइन काय एका घराला टाकत्यात व्हय?" मी चहाचे कप उचलून आत गेले.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. निकाल लागल्यावर काकांनी केंद्रवार आकडे माझ्यापुढं टाकले होते, "शिकलीस ना, बघ जरा काय दिसतंय." मला विषयाची हौस. एकेचाळीस मतदान केंद्रांचा आलेख काढला. चाळीस ठिपके एकमेकांजवळ आले, एकच लांब कोपऱ्यात पडला: तीनशे शहाऐंशी मतांत काकांना एकोणीस. इतका वेगळा ठिपका बघून मी हरखले, गौतमी. बोट ठेवून दाखवला. "ह्ये कुठलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शाळेतली शेवटची खोली. तिथं फक्त तुमची वस्ती मत देते, हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्याच आठवड्यात लाइनचं काम थांबलं. आज ना उद्या त्यांना कळलंच असतं, असं मी मनाला समजावते. पण दाखवलं मीच. त्या एकोणिसांत तुझी आई होती. हे पत्र ग्रामसभेत वाचून दाखवलंस तरी चालेल. त्यानं लाइन पुढं सरकेल असं मला वाटत नाही. माझं नाव मात्र गाळू नकोस.

तुझीच,
अपेक्षा